जठरदाहाच्या नावाखाली : सिस्टर इग्नेशिया यांचे जीवन

१६ ऑगस्ट १९३९ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्याच्या अ‍ॅक्रन शहरात, सेंट थॉमस रुग्णालयाच्या दाखल-कक्षात एका रुग्णाची नोंद झाली. रोगाच्या रकान्यात तीव्र जठरदाह असे लिहिले गेले. लिहिणाऱ्या धर्मभगिनीला पूर्ण ठाऊक होते की हा मनुष्य जठराच्या दुखण्यासाठी आलेला नाही. वर्षानुवर्षांच्या दारूने त्याला पोखरले होते; आणि दारू उतरवण्यासाठी मिळालेल्या पॅराल्डिहाइड या गुंगीच्या औषधाचेही त्याला व्यसन जडले होते. एका विषावर दुसरे विष चढले होते. त्या काळी अशा रुग्णाला सामान्य रुग्णालयात खाट मिळत नसे. तो गोंधळ घालतो, इतर रुग्णांची झोपमोड करतो आणि बिल बुडवतो, हा सार्वत्रिक अनुभव होता. त्याची जागा तुरुंगात किंवा वेड्यांच्या इस्पितळात, असे समाजाने ठरवून टाकले होते.

नोंद करणाऱ्या भगिनीचे नाव सिस्टर इग्नेशिया. वय ५० वर्षे, वजन जेमतेम शंभर पौंड, मूळ गाव आयर्लंडच्या मेयो परगण्यातील शॅनव्हिली. त्या नोंदीला खोटे म्हणावे की नाही, यावर नीतिशास्त्राचे प्राध्यापक वाद घालू शकतील. दारूने पोळलेल्या माणसाचे जठर दाहक असतेच, एवढे त्यांच्या बाजूने म्हणता येईल. परंतु रुग्णालयाच्या वरिष्ठांना न सांगता त्यांनी हे केले होते, आणि आज्ञापालनाची शपथ घेतलेल्या स्त्रीने असे करणे ही लहानसहान गोष्ट नव्हती.

ब्रिजेट डेला मेरी गॅव्हिनचा जन्म २ जानेवारी १८८९ रोजी झाला. मेयो हा आयर्लंडच्या पश्चिम टोकाचा, दगडाळ जमिनीचा आणि सततच्या पावसाचा परगणा. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात जे भाग सर्वाधिक उद्ध्वस्त झाले, त्यांत मेयोची गणना होते. डेलाच्या जन्माआधी दहा वर्षे याच परगण्यात, कॅसलबारच्या एका हॉटेलात, जमीनदारांविरुद्ध कुळांची लँड लीग स्थापन झाली. तो दिवसही १६ ऑगस्टच होता, सन १८७९. पुढच्याच वर्षी मेयोतील कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्यावर गावकऱ्यांनी संपूर्ण बहिष्कार टाकला आणि त्याचे आडनाव जगभरच्या भाषांत क्रियापद होऊन बसले. स्वदेशी चळवळीचा इतिहास वाचलेल्या मराठी माणसाला मेयो परका वाटण्याचे कारण नाही.

दारूबद्दलची दोन टोकांची वृत्तीही त्या मातीत मुरलेली होती. १८३८ साली कॉर्क शहरात फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी मद्यत्यागाच्या प्रतिज्ञेची मोहीम उघडली आणि लक्षावधी लोकांनी ती प्रतिज्ञा घेतली. प्रतिज्ञा घेणाऱ्याला पदक मिळत असे. दुष्काळाच्या तडाख्यात ही चळवळ ओसरली. पुढे १८९८ साली डब्लिनमध्ये फादर जेम्स कलन यांनी पायोनियर ही मद्यत्यागी संघटना स्थापिली. तिचे सभासद कोटावर येशूच्या पवित्र हृदयाचे छोटे चिन्ह लावीत. एकीकडे मद्यालय आणि दुसरीकडे प्रतिज्ञा. मधल्या माणसाला, म्हणजे प्रतिज्ञा घेऊन ती मोडणाऱ्याला आणि त्या लाजेने आणखी पिणाऱ्याला, या व्यवस्थेत जागा नव्हती. डेलाच्या पुढल्या आयुष्याचा सारा व्यवहार नेमका याच माणसाशी व्हायचा होता.

१८९६ साली गॅव्हिन कुटुंब बोटीने अमेरिकेस निघाले आणि क्लीव्हलंडमध्ये स्थिरावले. डेला तेव्हा सात वर्षांची होती. मुलीला संगीताची उत्तम जाण होती. ती पियानो शिकली आणि पुढे इतरांना शिकवून घरखर्चास हातभार लावू लागली. १९१४ साली, पंचविसाव्या वर्षी, तिने सिस्टर्स ऑफ चॅरिटी ऑफ सेंट ऑगस्टीन या संघात प्रवेश केला. हा संघ मूळचा फ्रान्समधील. १८५१ साली त्याच्या भगिनी रुग्णसेवेसाठी क्लीव्हलंडला आल्या होत्या. डेलाची इग्नेशिया झाली, पण काम संगीताचेच राहिले. अनाथाश्रमातील मुलांना त्या गाणे शिकवीत. १९२५ साली त्यांनी नोत्र दाम विद्यापीठाची संगीताची पदवीही मिळवली.

योगायोग असा की १९१४ हेच अमेरिकेच्या हॅरिसन कायद्याचे वर्ष. त्याआधी अफू, मॉर्फिन आणि त्यांची सत्त्वे औषधाच्या दुकानात सहज मिळत. या कायद्याने त्यांच्यावर निर्बंध आले, आणि १९१९च्या एका न्यायालयीन निकालानंतर व्यसनी रुग्णाचे केवळ व्यसन चालू ठेवण्यासाठी मॉर्फिन लिहून देणारा डॉक्टर गुन्हेगार ठरू लागला. कालचा रुग्ण रातोरात आरोपी झाला. व्यसनाकडे आजार म्हणून पाहण्याची वाट या एका कायद्याने बंद केली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण पुढची अनेक दशके ती वाट अरुंद करून ठेवण्यात त्याचा मोठा वाटा होता.

सिस्टर इग्नेशिया यांच्या चरित्रात १९२७ हे वर्ष सहसा दोन ओळींत उरकले जाते. वास्तविक तिथेच थांबायला हवे. त्या वर्षी त्या कोसळल्या. अतिश्रम, जठरातील रक्तस्रावी व्रण आणि त्यापाठोपाठ मनाचा संपूर्ण थकवा. ज्या स्त्रीने बालपणापासून स्वतःला संगीतातून ओळखले, तिला डॉक्टरांनी संगीत सोडण्यास सांगितले, कारण तसे न केल्यास जीव वाचणार नव्हता. अनेक महिने त्या अंथरुणाला खिळल्या. बऱ्या झाल्या तेव्हा त्यांच्या हाती ना पियानो होता ना शाळा. मठातही मनाच्या आजाराकडे संशयाने पाहिले जाण्याचा तो काळ. परतून आलेल्या भगिनीला झेपेल असे काहीतरी हलके काम द्यावे, या विचाराने १९२८ साली नव्याने उघडलेल्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली. काम होते दाखल होणाऱ्यांची नावे लिहिण्याचे.

त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतलेले नव्हते, ही गोष्ट विसरता कामा नये. वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर, एका कोलमडलेल्या कारकिर्दीनंतर, त्या रुग्णालयात आल्या त्या कारकून म्हणून. शुश्रूषा त्या खाटेशेजारी उभे राहून शिकल्या. आणि आपले हात, आपले मन आपल्या हुकमात नसणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

अ‍ॅक्रन ही तेव्हा रबराची राजधानी होती. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच यांचे टायर कारखाने दिवसरात्र चालत. १९२९नंतरच्या मंदीत कामगार रस्त्यावर आले आणि रुग्णालयाच्या आणीबाणी-कक्षात नशेत धुंद, जखमी माणसे येऊ लागली. त्यांना परत पाठवण्याचा दंडक होता. थॉमस स्कुडेरी या तरुण डॉक्टरच्या साहाय्याने सिस्टर इग्नेशिया काहींना गुपचूप ठेवून घेत, कॉफी देत, झोपू देत. हे सारे अपघाती चालले होते. त्याला पद्धत नव्हती.

पद्धत आली ती डॉ. रॉबर्ट होलब्रुक स्मिथ यांच्यासोबत. व्हरमाँटमध्ये १८७९ साली जन्मलेले हे शल्यविशारद अ‍ॅक्रनमध्ये निष्णात म्हणून ओळखले जात आणि पक्के दारुडे म्हणूनही. त्यांची युक्ती वैद्यकीय व्यवसायातील अनेकांना ओळखीची वाटेल. सकाळी हात कापू नयेत म्हणून गुंगीच्या गोळ्या, संध्याकाळी काम संपले की दारू. असा क्रम त्यांनी सतरा वर्षे चालवला. दोन्ही गोष्टी त्यांना सहज उपलब्ध होत्या आणि व्यवसायाची प्रतिष्ठा हे उत्तम पांघरूण होते. मे १९३५मध्ये न्यूयॉर्कचे बिल विल्सन हे नुकतेच दारू सोडलेले दलाल त्यांना अ‍ॅक्रनमध्ये भेटले. एका दारुड्याने दुसऱ्या दारुड्याशी उपदेश न करता बोलावे, या साध्या कल्पनेतून ती भेट लांबली. १० जून १९३५ रोजी शस्त्रक्रियेआधी हात स्थिर राहावा म्हणून स्मिथ यांनी घेतलेली बिअर ही त्यांची अखेरची दारू ठरली. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना तो दिवस आपला स्थापनादिन मानते आणि तिचे सभासद त्यांना डॉक्टर बॉब या नावाने ओळखतात.

डॉक्टर बॉब यांना रुग्णांसाठी खाटा हव्या होत्या आणि इतर रुग्णालये कंटाळली होती. त्यांनी आपली सारी कहाणी सिस्टर इग्नेशिया यांना सांगितली आणि मदत मागितली. १६ ऑगस्टची ती नोंद या संभाषणाचे फळ होती. पहिल्या रात्री त्या रुग्णाला दोन खाटांच्या खोलीत ठेवले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विनंती केली की त्याला भेटायला येणाऱ्या समव्यसनींना निवांत बोलता यावे अशी वेगळी जागा मिळावी. रिकामी खोली नव्हती. मग त्याची खाट रुग्णांसाठी येणारी फुले पाण्यात ठेवण्याच्या छोट्या खोलीत सरकवण्यात आली. दारूच्या व्यसनाला आजार मानून सामान्य रुग्णालयाने दिलेल्या पहिल्यावहिल्या उपचारांपैकी एक असा फुलांच्या घमघमाटात सुरू झाला.

गुपित फार काळ राहिले नाही. वरिष्ठांना कळले तेव्हा एव्हाना काही माणसे शुद्धीवर, स्वच्छ कपड्यांत आणि बिल भरून घरी गेली होती. हा शेवटचा मुद्दा कमी महत्त्वाचा नव्हता. रुग्णालयाने परवानगी दिली आणि स्वतंत्र कक्ष उभा राहिला. त्याला लागून प्रार्थनामंदिराचा सज्जा होता. रुग्णाच्या झग्यातच तिथे जाऊन बसता येई.

उपचार पाच दिवसांचा असे. पहिला दिवस स्वागताचा, दुसरा आपल्या स्थितीच्या जाणिवेचा, तिसरा आत्मपरीक्षणाचा, चौथा निश्चयाचा आणि पाचवा पुढील आयुष्याच्या आखणीचा. रुग्णाला दारू सोडलेल्या एखाद्या माणसानेच आणले पाहिजे आणि त्याची हमी घेतली पाहिजे, असा नियम होता. बाहेरचे कपडे काढून घेतले जात. भेटीला फक्त बऱ्या झालेल्यांना मुभा असे आणि ते सकाळपासून रात्रीपर्यंत येत राहत. कॉफीचे भांडे कधी रिकामे नसे. एकदा बरा होऊन गेलेल्याला सहसा पुन्हा दाखल करून घेत नसत. हा नियम आजच्या वैद्यकाला कठोर वाटेल आणि तो कठोर होताच. व्यसन हा पुन्हा पुन्हा उलटणारा आजार आहे हे आता सर्वमान्य आहे. मात्र हाताशी मोजक्या खाटा आणि दाराशी रांग असताना या नाजूक बाईंनी तो निश्चयाने पाळला. त्यांचे प्रेम भाबडे नव्हते.

घरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती त्या पवित्र हृदयाचे एक लहानसे चिन्ह ठेवीत. अट एकच असे. पुन्हा पिण्याची वेळ आली तर आधी हे चिन्ह स्वतः येऊन मला परत करायचे, मग प्यायचे. प्रतिज्ञेपेक्षा ही अट फार वेगळी आहे. प्रतिज्ञा मोडली की माणूस तोंड लपवतो. या अटीने त्याला मोडण्याआधी दारापर्यंत यायला लावले. आज जगभर संयमाच्या महिन्यावर्षांनिमित्त जी नाणी दिली जातात, त्यांचे मूळ पुष्कळ जण या चिन्हात शोधतात. पायोनियर संघटना निघण्याआधीच सिस्टर इग्नेशिया यांनी आयर्लंड सोडला होता, त्यामुळे थेट वारसा सांगता येणार नाही. तरी मेयोच्या घराघरांतील पवित्र हृदयाची तसबीर आणि अ‍ॅक्रनच्या कामगाराच्या खिशातील ते चिन्ह एकाच भक्तीची लेकरे होती, यात शंका नाही.

डॉक्टर बॉब रोज येत आणि या कक्षातील रुग्णांकडून शुल्क घेत नसत. १६ नोव्हेंबर १९५० रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तोवर सुमारे पाच हजार रुग्ण या दोघांच्या हाताखालून गेले होते.

हा मार्ग दारूपुरता राहिला नाही. त्वचेखाली मॉर्फिनचे द्रावण सोडणारी पोकळ सुई प्रथम वापरली ती डब्लिनच्या मीथ रुग्णालयात फ्रान्सिस रिंड यांनी, १८४४ साली, एका स्त्रीच्या चेहऱ्यातील असह्य वेदना शमवण्यासाठी. तिथून पुढच्या शतकात त्या सुईने असंख्यांचे दुःख हलके केले आणि ती हाताळणाऱ्यांपैकी अनेकांना गिळले. जॉन्स हॉपकिन्सचे थोर शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड मॉर्फिनच्या व्यसनासह दशकानुदशके शस्त्रक्रिया करीत राहिले. केंटकीतील लेक्सिंग्टन येथे १९३५ साली अफूजन्य पदार्थांच्या व्यसनींसाठी सरकारी रुग्णालय उघडले, तेव्हा तिथल्या रुग्णांत डॉक्टर आणि परिचारिकाही होत्या. कपाटाची किल्ली ज्यांच्या कमरेला, त्यांना मोह जवळचा असतो. १९४७ साली त्याच रुग्णालयात अ‍ॅक्रनच्या धर्तीवर व्यसनींचा पहिला गट बसू लागला आणि १९५३ साली कॅलिफोर्नियात नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस स्थापन झाली.

आज आयर्लंडच्या रुग्णालयांत हजारो भारतीय परिचारिका काम करतात आणि त्यांत मराठी नावेही दिसतात. २०११च्या परिचारिका व प्रसाविका कायद्यान्वये नोंदणी मंडळासमोर तक्रार आली, तर आजार आणि गैरवर्तन या दोन बाबी वेगळ्या धरल्या जातात. कागदावरचा हा फरक लहान दिसतो. ज्या परिचारिकेने स्वतःच्या गोळ्यांबद्दल सहकाऱ्याला सांगावे की न सांगावे या विचारात रात्रपाळ्या काढल्या असतील, तिच्यासाठी तो नोकरी, व्हिसा आणि गावाकडचे नाव या सगळ्याचा फरक असतो.

मराठी वाचकाला इथे पुण्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. गर्द मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत शिरली तेव्हा, २९ ऑगस्ट १९८६ रोजी, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून मुक्तांगण सुरू केले. तिथेही बरे झालेलेच पुढे इतरांचे समुपदेशक झाले. अ‍ॅक्रन आणि येरवडा यांच्यात अर्धशतकाचे आणि दोन महासागरांचे अंतर आहे. रुग्णालयाच्या एका कोपऱ्यात एका स्त्रीने नकोशा माणसांसाठी खाट मागणे मात्र दोन्हीकडे सारखेच आहे.

डॉक्टर बॉब गेल्यावर दोनच वर्षांत सिस्टर इग्नेशिया यांची बदली झाली. त्रेसष्टाव्या वर्षी उभे केलेले सारे सोडून क्लीव्हलंडच्या सेंट व्हिन्सेंट चॅरिटी रुग्णालयात जाण्याची आज्ञा आली. अ‍ॅक्रनमधील त्यांच्या माणसांना ही बदली जिव्हारी लागली. त्यांनी आज्ञा पाळली. ज्यांनी एकदा नियम वाकवला होता, त्यांनी या वेळी तो वाकवला नाही, आणि या दोन गोष्टींत त्यांना विसंगती वाटली नसावी. नियम तेव्हा वाकला तो दाराशी उभ्या असलेल्या रुग्णासाठी. इथे प्रश्न केवळ त्यांच्या स्वतःच्या दुःखाचा होता.

क्लीव्हलंडमध्ये त्यांना रुग्णालयाचा एक जुना भाग मिळाला. बरे झालेले सुतार, नळजोडणी करणारे, वीजतंत्री संध्याकाळी काम सुटल्यावर येऊन तो दुरुस्त करीत. डिसेंबर १९५२मध्ये तो उघडला आणि त्याचे नाव ठेवले रोझरी हॉल सोलॅरियम. इंग्रजीत या तीन शब्दांची आद्याक्षरे आर, एच, एस होतात. रॉबर्ट होलब्रुक स्मिथ या नावाचीही तीच. अनामिकतेचे व्रत घेतलेल्या मित्राचे नाव त्यांनी दाराच्या पाटीवर लिहून टाकले आणि व्रतही मोडले नाही. जठरदाहाच्या नोंदीमागचे डोके तेरा वर्षांत बदलले नव्हते. इथे त्यांनी आणखी सुमारे दहा हजार रुग्णांची काळजी घेतली. रुग्णांच्या बायकाही येऊन बसू लागल्या, कारण व्यसन एकट्याचे नसते हे त्यांना फार लवकर उमगले होते.

मधल्या काळात ही चळवळ त्यांच्या जन्मभूमीत पोहोचली होती. नोव्हेंबर १९४६मध्ये, फिलाडेल्फियाहून सुट्टीवर आलेल्या एका आयरिश गृहस्थाच्या पुढाकाराने, डब्लिनच्या सेंट स्टीफन्स ग्रीनवरील कंट्री शॉप या उपाहारगृहात पहिली बैठक भरली. युरोपातील ही पहिली बैठक. मद्यालय आणि प्रतिज्ञा यांच्यामध्ये अडकलेल्या माणसाला आयर्लंडमध्ये बसायला अखेर एक खुर्ची मिळाली.

शेवटच्या वर्षांत सिस्टर इग्नेशिया यांची प्रकृती ढासळत गेली. १ एप्रिल १९६६ रोजी ओहायोतील रिचफिल्ड येथील मातृमठात, वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. क्लीव्हलंडच्या सेंट जॉन कॅथीड्रलमध्ये अंत्यविधी झाला तेव्हा मंदिर माणसांनी भरून गेले होते. त्यांत कारखान्यांतले कामगार होते, वकील होते, डॉक्टर होते. शेजारच्याला आपले आडनाव न सांगणारी ती माणसे होती, आणि ते कुणी कुणाला विचारलेही नाही.